गुणफलकाखालची दुसरी पट्टी : एका क्रीडा संकेतस्थळाची पारख

गोव्यातील डिचोली तालुक्याच्या ज्या विद्यालयात मी ग्रंथपाल आहे, तेथे २०२५ च्या जुलैमध्ये क्रीडाशिक्षकांचा एक साधा अर्ज माझ्याकडे आला. सुब्रतो चषक या शालेय फुटबॉल स्पर्धेच्या तालुका फेरीसाठी सराव करणाऱ्या मुलामुलींना एक विशिष्ट क्रीडा संकेतस्थळ वाचनालयातील चार संगणकांवर वाचू द्यावे आणि शाळा पालकांना जी शिफारस-यादी देते तीत त्याचे नाव घालावे, एवढीच त्यांची विनंती होती. ही मुले आठवी ते दहावीतली, म्हणजे तेरा ते सोळा वर्षांची. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी कोकणी बोलली जाते, वाचन मराठीत होते आणि युरोपातल्या फुटबॉलच्या बातम्या मात्र इंग्रजीतूनच मिळतात. संकेतस्थळाचे नाव मी येथे देत नाही. त्याच्यासारखी पुष्कळ आहेत, आणि या प्रकरणात जे आढळले ते त्या एकट्यात आढळेल असे नाही.

अर्ज वाचून माझे मत अनुकूलच झाले होते. जी मुले वाचनालयात केवळ पावसामुळे येतात, ती ऑफसाइडच्या नियमावरचा दोन पानी इंग्रजी लेख शब्दकोश घेऊन वाचायला बसत असतील, तर ग्रंथपालाने त्यांना अडवण्याचे कारण नाही. मी मंगळवारी सकाळी माझ्या टेबलावरच्या संगणकावर ते संकेतस्थळ उघडले आणि सुमारे पाऊण तास पाहिले. सामन्यांची वर्णने नेटकी होती. डावपेच आकृत्या काढून समजावले होते. गुडघ्याच्या दुखापतीवर एक चांगला लेख होता, आणि त्यात फिफाने तयार केलेल्या, सुमारे वीस मिनिटांच्या सरावपूर्व व्यायामक्रमाची माहिती होती. भाषा सभ्य होती. मी अर्जावर ‘योग्य’ असा शेरा मारून तो मुख्याध्यापकांकडे पाठवला.

हा शेरा चुकीचा होता. तो कसा चुकला हे सांगितल्यावाचून पुढच्या निर्णयाला अर्थ राहत नाही, म्हणून ते आधी सांगतो.

एक-ऐंशी

दहा-बारा दिवसांनी मुसळधार पावसाने सराव रद्द झाला आणि संघातली मुले वाचनालयात येऊन बसली. रात्रीच्या कुठल्याशा युरोपीय सामन्यावरून त्यांच्यात वाद चालला होता. नववीतला एक मुलगा ठामपणे म्हणाला, “घरचा संघ एक-ऐंशीवर आहे, पाहुणा चार-वीसवर. मग जिंकणार कोण ते उघडच आहे.” मी त्याला विचारले की एक-ऐंशी म्हणजे काय. त्याने जरा आश्चर्याने उत्तर दिले, “सर, तो भाव. स्कोअरच्या खाली येतो.”

त्या मुलाने कधी पैज लावली नव्हती, लावण्याचा त्याचा विचारही नव्हता. संघांची क्रमवारी असते किंवा खेळाडूंना सामन्यानंतर गुण दिले जातात, तशीच ही एखादी अधिकृत मोजणी असावी अशी त्याची समजूत होती. मला खटकले ते हे की सामन्याविषयी बोलण्यासाठी त्याने जी भाषा उचलली होती ती सट्ट्याची होती, आणि ती त्याला कुणी मुद्दाम शिकवली नव्हती. आम्ही शिफारस केलेल्या पानावर ती गुणफलकाच्या खाली दुसरी पट्टी होऊन रोज त्याच्या डोळ्यांपुढून सरकत होती.

त्याच्या वडिलांना बोलावून घेतले तेव्हा ते थोडे संकोचाने म्हणाले, “सर, आमच्या बाबांनी ती पट्टी आधीच बघितली होती. म्हणाले, हा तर आकडाच. तेव्हा चिठ्ठीवर लिहायचे, आता फोनावर.” गोव्यात ज्यांनी मटक्याचा काळ जवळून पाहिला आहे, त्यांना दोन आकडे आणि त्यांच्यामधला ठिपका पाहून जे एका नजरेत कळले, ते मला पाऊण तासात कळले नव्हते.

न कळण्याची कारणे नंतर एकेक करून उलगडली. शाळेच्या सर्व संगणकांवर संगणकशिक्षकांनी जाहिराती अडवणारी सोय बसवून ठेवली होती, त्यामुळे पट्टी माझ्यापर्यंत पोचलीच नाही. मी पाहिले सकाळी, जेव्हा एकही महत्त्वाचा सामना चालू नव्हता. पट्टी तर चालू सामन्याच्या पानावर येते. मी लेख वाचत बसलो, आणि मुले लेखापेक्षा चालू गुणांचे पान दसपट वेळा उघडतात. शिवाय जाहिराती प्रत्येकाला सारख्या दिसत नाहीत. उपकरण, ठिकाण, वेळ आणि आधी काय पाहिले त्यावर त्या बदलतात. परदेशातील एखाद्या संस्थेने त्याच संकेतस्थळाला वयोगटाचा शेरा दिला असता, तरी डिचोलीतल्या फोनवर काय दिसते याची हमी त्या शेऱ्यातून मिळाली नसती. पुस्तकाची प्रत कुठेही उघडली तरी तीच असते. आयुष्यभराच्या त्या सवयीने मी संकेतस्थळालाही पुस्तकासारखेच पारखले होते.

दुसरी पाहणी

दुसऱ्या खेपेला आम्ही पाच जण बसलो : क्रीडाशिक्षक, गणिताच्या बाई, दोन पालक आणि मी. मुले वापरतात त्या प्रकारचा स्वस्त अँड्रॉइड फोन घेतला, त्यातला ब्राउझर पूर्ण रिकामा केला, कुठेही खाते उघडले नाही आणि जाहिराती अडवणारे काहीही ठेवले नाही. वेळही मुलांचीच निवडली. भारत–इंग्लंड कसोटी मालिका चालू होती, तिचा खेळ आपल्याकडे दुपारी साडेतीनला सुरू होतो, म्हणजे शाळेतून घरी आलेला मुलगा फोन हातात घेतो नेमका तेव्हा. त्याच दिवसांत स्वित्झर्लंडमध्ये महिलांची युरो स्पर्धा चालली होती आणि संघातल्या मुली ती मनापासून पाहत होत्या. २७ जुलैचा अंतिम सामना आपल्या वेळेनुसार रात्री साडेनऊला सुरू झाला आणि इंग्लंडने स्पेनला टायब्रेकरवर हरवले. तो आम्ही त्या फोनवर शेवटपर्यंत पाहिला.

चालू सामन्याच्या पानावर गुणांच्या खाली तीन चौकोन होते आणि प्रत्येकात एक दशांश संख्या. त्या दर काही सेकंदांनी बदलत होत्या आणि बदलताना हिरव्या किंवा लाल होऊन चमकत होत्या. चौकोनावर बोट ठेवले की एक पान उघडे, ते वरवर खेळाच्या बातम्यांचे दिसे; त्यावरच्या ठळक बटणाने खाते उघडण्याचे पान येई, तेथे ‘मी अठरा वर्षांचा आहे’ या वाक्यापुढच्या चौकटीत खूण केली की यूपीआयने पैसे भरण्याची सोय समोर हजर. गुणफलकापासून पैशापर्यंत तीन वेळा बोट टेकवावे लागले. वयाची शहानिशा त्या एका खुणेपलीकडे झाली नाही.

बातम्यांचा मुखवटा घालून पैजेच्या धंद्याची जाहिरात करण्याची ही युक्ती जुनी आहे. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०२२ मध्ये एकाहून अधिक वेळा सूचनापत्रे काढून अशा आडून केलेल्या जाहिरातींविरुद्ध माध्यमांना बजावले होते. येथे गोव्याची म्हणून एक विसंगती नमूद करावीशी वाटते. सहलीला किंवा स्पर्धेला पणजीत गेलेली आमची मुले मांडवीतील कसिनोची जहाजे बसच्या खिडकीतून पाहतात, आणि त्या जहाजावर २१ वर्षांखालील व्यक्तीला प्रवेश नाही हेही त्यांना ठाऊक असते. दारावर निदान ओळखपत्र मागणारा माणूस उभा असतो. फोनवर तेरा वर्षांच्या मुलाला कोणी विचारत नाही.

गणिताच्या बाईंनी त्या तीन चौकोनांचे जे केले ते मला सर्वांत मोलाचे वाटते. मुलाने सांगितलेले १.८० आणि ४.२० हे आकडे आणि बरोबरीसाठीचा ३.६० घेऊन त्यांनी दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात फळ्यावर उलट भागाकार केला. १.८० चा भाव म्हणजे शंभर रुपयांचे एकशे ऐंशी, अर्थात शक्यता ५५.६ टक्के धरली आहे. ३.६० म्हणजे २७.८ टक्के. ४.२० म्हणजे २३.८ टक्के. घरचा जिंकेल, पाहुणा जिंकेल किंवा बरोबरी होईल. चौथे काही घडू शकत नाही, तेव्हा बेरीज १०० यायला हवी. ती आली १०७.२. एका मुलीने विचारले, “बाई, वरचे सात कोणाचे?” बाई म्हणाल्या, “दुकानाचे.” यापेक्षा अधिक व्याख्यान त्यांनी दिले नाही आणि त्याची गरजही नव्हती.

पैजेची पट्टी हा आमच्या अहवालाचा कणा झाला, पण तेवढेच आढळले असे नाही. ‘फिटनेस’ या विभागात दहा दिवसांत वजन उतरवण्याचे आणि क्रिएटिनसारखी पूरके घेण्याचे लेख होते, आणि त्यांत वयाचा उल्लेख कुठेच नव्हता. लेखाच्या मध्येच डबा विकत घेण्याचा दुवा होता. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने किशोरवयीनांनी कामगिरी वाढवणारी पूरके घेऊ नयेत अशी भूमिका घेतली आहे. आमच्या दृष्टीने याला आणखी एक बाजू होती. तालुक्यातून राज्याच्या संघात गेलेल्या खेळाडूची उत्तेजक-चाचणी होऊ शकते, आणि शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी प्रथम खेळाडूवरच येते. डब्यावरच्या चिठ्ठीत तो पदार्थ लिहिला नव्हता एवढ्याने सुटका होत नाही. क्रीडाशिक्षकांना यातला एक लेख फार आवडला होता आणि त्यांनी तो संघाच्या गटावर पाठवलाही होता. बैठकीत त्यांनी हे स्वतःहून सांगितले. असे सांगणे सोपे नसते.

त्याच पानांवर कॅफिनयुक्त पेयांच्या जाहिराती होत्या. आपल्या देशाच्या नियमांप्रमाणे अशा पेयात लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असते आणि लहान मुलांसाठी ते योग्य नाही हे डब्यावर छापावे लागते. डबा हातात घेतला तर बारीक अक्षरांतला तो इशारा दिसतो, संकेतस्थळावरच्या चलच्चित्रात तो डोळ्याला जाणवतसुद्धा नाही.

मुलींनी सांगितलेली गोष्ट आम्हा पुरुषांच्या लक्षात आली नसती. युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्याचे वर्णन चांगले होते. त्याखाली ‘हेही पाहा’ म्हणून जे जोडले होते त्यात महिला खेळाडूंच्या सुट्टीतल्या छायाचित्रांची मालिका होती. दहावीतली आमची गोलरक्षक म्हणाली, “सर, मुलांच्या बातमीखाली दुसरी मॅच असते, आमच्या बातमीखाली फोटो.” आम्ही वीस-वीस बातम्या उघडून पाहिल्या. प्रत्येक वेळी तसे नव्हते, पण तिची तक्रार निराधार म्हणावी इतके कमीही नव्हते.

मिश्र युद्धकलेच्या विभागातील रक्ताळलेली छायाचित्रे आणि वाचकांच्या शेऱ्यांमधली शिवीगाळ यांवर पालकांनी बराच वेळ घेतला. माझ्या मते ही दोन्ही दुय्यम होती, कारण मुलांना ती चटकन ओळखता येतात आणि ती विभाग बंद करून टाळताही येतात. नोंदणीचा प्रश्न तेवढा हलका नव्हता. संकेतस्थळाच्या अटींत खाते उघडण्यासाठी तेरा वर्षे पुरेशी धरली होती. ही तेराची मर्यादा अमेरिकन कायद्यातून जगभर पसरली आहे. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मात्र अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे, तिची माहिती घेण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि तिच्या वागण्यावर पाळत ठेवून तिला उद्देशून जाहिराती दाखवणे सामान्यतः वर्ज्य आहे. या कायद्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये निघाले आणि त्यांतील बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. तोवर शाळेनेच सावध राहायचे, एवढाच त्याचा आमच्यापुरता अर्थ.

निर्णय आणि त्यावरचे मतभेद

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बैठक झाली. एका पालकाचे म्हणणे होते की संकेतस्थळ सरसकट बंद करावे. क्रीडाशिक्षकांचे म्हणणे होते की मुले ते घरी बघणारच, आणि शाळेने बंद केले तर ती लेख सोडतील आणि पट्टी तेवढी पाहत राहतील. मला क्रीडाशिक्षकांचे पटले, पण त्यांनी काढलेला निष्कर्ष पटला नाही. मुले घरी काही पाहतात म्हणून शाळेने त्यावर आपला शिक्का मारावा असे होत नाही. शिफारस-यादीत नाव असणे म्हणजे घरी आईला ‘शाळेनेच सांगितले आहे’ असे म्हणण्याची मुलाला मिळालेली मुभा. ती आम्ही जुलैमध्ये दिली होती आणि परत घेणे भाग होते.

अखेर आम्ही संकेतस्थळाला एक वस्तू मानण्याचे सोडून दिले. शिफारस-यादीतून नाव काढले. वाचनालयातील संगणकांवर, जाहिराती अडवण्याची सोय तशीच ठेवून, सामन्यांची वर्णने आणि डावपेचांचे विभाग नववीपासून पुढच्यांना खुले ठेवले. चालू गुणांचे पान आणि फिटनेस विभाग बंद केले. चालू गुण हवे असतील तर ते स्पर्धा भरवणाऱ्या संस्थांच्या अधिकृत पानांवर मिळतात. तेथे पाहावेत, असे ठरले. आठवीच्या मुलांसाठी निवडक लेख मी छापून फलकावर लावायचे मान्य केले, आणि खरे सांगायचे तर कागदावर आलेला लेख मुले अधिक सावकाश वाचतात असा माझा अनुभव आहे.

पालकांना गेलेल्या पत्रात सर्वांत जास्त जागा आम्ही रात्रीच्या सूचनांना दिली, हे काहींना विचित्र वाटले. चॅम्पियन्स लीगचे मुख्य सामने आपल्याकडे उन्हाळी वेळेत रात्री साडेबाराला आणि हिवाळी वेळेत दीडला सुरू होतात. प्रत्येक गोलाला उशाशी फोन थरथरतो, मूल जागे होते, पान उघडते, आणि त्या पानावर पट्टी असतेच. सकाळी आठच्या आत ते शाळेत हवे असते. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते असे झोपेचे तज्ज्ञ सांगतात. पैजेचा धोका सगळ्याच मुलांना होईल असे नाही, झोप मात्र संघातल्या प्रत्येकाची मोडत होती. सकाळच्या सरावाची हजेरी काढून पाहिली तेव्हा क्रीडाशिक्षकही गप्प झाले.

संकेतस्थळाच्या चालकांना आम्ही पत्र लिहिले. जाहिराती तिसऱ्या पक्षाकडून येतात, असे दोन ओळींचे छापील उत्तर आले. भारतीय जाहिरात मानक परिषदेकडेही पडद्याची छायाचित्रे जोडून तक्रार पाठवली आणि तिची पोच मिळाली.

कायद्यानंतर

हे चालू असतानाच ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी आणली, आणि त्यांच्या जाहिरातीसाठीही दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद केली. मोठ्या देशी कंपन्यांनी पैशाचे खेळ लगेच थांबवले. भारतीय पुरुष क्रिकेट संघ सप्टेंबरच्या आशिया चषकात जर्सीवर मुख्य प्रायोजकाचे नाव नसतानाच उतरला. आता आपला प्रश्न मिटला, असे एका पालकाने मला मापशाच्या बाजारात थांबवून सांगितले.

सप्टेंबरअखेर पुन्हा तोच फोन, तेच पान. देशी कंपन्यांच्या ‘आपला संघ निवडा’ छापाच्या जाहिराती खरोखरच गेल्या होत्या. दशांश संख्यांचे चौकोनही दिसेनात. त्यांच्या जागी ‘विजयाची शक्यता’ या शीर्षकाखाली तीन टक्केवाऱ्या आल्या होत्या, रंगीत, शांत, एखाद्या संख्याशास्त्रज्ञाने काढल्यासारख्या. क्रीडाशिक्षकांना ही सुधारणा वाटली. मलाही वाटली. आकडेवारीवर आधारलेला अंदाज मुलांनी वाचायला हरकत नाही, उलट त्यातून ती काही शिकतील, असे म्हणून आम्ही चालू गुणांचे पान खुले करण्याची टिपणी तयार केली आणि पटले की नाही ते सांगा म्हणून संघातल्या मुलांनाही दाखवली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो नववीतला मुलगा टेबलापाशी आला. वहीच्या मागच्या पानावर त्याने तीन आकडे एकाखाली एक लिहिले होते : ४८, ३१, २८.

“सर, बेरीज एकशे सात येते,” तो म्हणाला.

मी टिपणी मागे घेतली. चालू गुणांचे पान अजून बंद आहे.